वाकताना नेमके वाकते काय?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आमच्या वाट्याला कंबर आली आहे. हसू नका. उत्पादनखर्चाचा हिशेब मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, बैलजोडीचे भाडे धरतो. सरकारचा कृषिमूल्य आयोगसुद्धा घरच्या माणसांच्या मेहनतीची मजुरी, कागदावर का होईना, धरतो. कंबर मात्र कुणीच धरत नाही. म्हणून शेवटी कंबरच आपल्याला धरते.

कोरडवाहू कापसाचे वर्ष आठवून बघा. सरकी टोबायची ती वाकून. निंदण बसून आणि ओणवे. खत झाडाच्या बुडाशी द्यायचे, पुन्हा ओणवे. फवारणीच्या पंपात 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो ओझे, पंपाचे वजन वेगळे, आणि ते एका हाताने दांडा मारत दिवसभर पाठीवर. वेचणीला पोटाशी ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी पुढून ओढत जाते. ज्वारीची सोंगणी, पेंढ्या बांधणे, कडबा रचणे. आणि उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटणे, त्याबद्दल तर बोलायलाच नको. यातले निंदण आणि वेचणी बहुतेक बाईच्या अंगावर. तिला घरी गेल्यावर चूल, पाणी, झाडलोट आहेच, तेही वाकूनच.

मग एक दिवस चमक निघते. पहिले आठ दिवस बाम, शेक आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळी. नंतर उसण काढणारा. पायाळू माणसाची लाथही खाऊन होते. तरी राहिले तर तालुक्याला फोटो, तिथून शहरात मोठ्या मशीनमध्ये. अहवाल इंग्रजीत येतो. त्यातले आपल्या कानावर पडते ते एवढेच : मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, नस दबली आहे. घरी येईपर्यंत माणूस स्वतःला मोडलेला समजू लागतो. बैल विकायचा की डोरले गहाण टाकायचे, हा विचार तिथूनच सुरू होतो.

आमचे आजचे सांगणे या ठिकाणचे आहे. बैल विकण्याच्या आधी एक तपासणी करून घ्या. तिला मशीन लागत नाही. लागते ती जाणती नजर, एक काठी आणि अर्धा तास.

आधी त्या गॅपचे बघू. 1994 साली अमेरिकेत 98 माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले. या 98 जणांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तरी त्यांतल्या 64 टक्के लोकांची निदान एक तरी गादी बिघडलेली दिसली. 2015 साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. पन्नाशीच्या, काहीही न दुखणाऱ्या शंभर माणसांत सुमारे 80 जणांच्या गादीत वयाची झीज होती आणि सुमारे 60 जणांची गादी फुगलेली होती. म्हणजे केस पिकावेत तशी गादीही पिकते. फोटोत ती दिसली म्हणून दुखणे तिचेच, असे ठरत नाही.

याचा अर्थ मशीन खोटे किंवा डॉक्टर लुटारू असा कुणी लावू नका. काही दुखण्यांत एक दिवसही घालवायचा नसतो. लघवी अडकली किंवा कळत नकळत होऊ लागली, संडासचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पाऊल लुळे पडू लागले, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होऊ लागली, तरी थांबू नका. झाडावरून, बंडीवरून पडल्यानंतरचे दुखणे, तापाबरोबरचे, वजन उतरत चालले आहे, रात्री घाम येतो आहे, पडून राहिले तरी ठणका जात नाही असे दुखणे, आधी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचे दुखणे, ही सगळी आधी डॉक्टरकडे. क्षय फक्त छातीत होत नाही, मणक्यातही होतो, आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अशा माणसाला कुणी लाथ मारली किंवा मणका चोळला तर तो कायमचा अधू होऊ शकतो.

हे सगळे वगळले तरी कंबरदुखीवाल्यांची फार मोठी संख्या उरते. त्यांच्यात मोडलेले, सडलेले, दबलेले असे एकच एक काही सापडत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत बिघाड हाडात नसून हालचालीच्या ताब्यात असतो. हा ताबा म्हणजे काय ते नीट समजून घ्या, पुढचे सगळे त्यावर आहे.

आपण वाकतो तेव्हा दोन ठिकाणी वाकू शकतो. एक, कंबरेचे मणके. दुसरे, खुबा, म्हणजे मांडीचे हाड जिथे वरच्या हाडात बसते तो सांधा. या दोन्हींच्या मध्ये हाडांचे एक कडे आहे, पुस्तकात त्याला श्रोणी म्हणतात. कडे खुब्यावर फिरले तर वाकण्याचे पुष्कळसे काम खुबा करतो. तो मोठा सांधा आहे, त्याच्याभोवती अंगातले सर्वांत दांडगे स्नायू आहेत. कडे जागचे हलले नाही तर सगळे वाकणे मणक्यांवर येते. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की दुसऱ्याच्या खांद्याला गळू होते. तुम्ही गळवाला हळद लावत बसता आणि अंगचोर बैल मजेत चालतो. दुखते ती कंबर, पण अंग चोरणारा खुबा असू शकतो.

आता ही चोरी पकडायची कशी? हान्नू लुओमायोकी नावाचे एक फिनलंडचे भौतिकोपचार तज्ज्ञ आहेत, काम स्वित्झर्लंडमध्ये करतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली अशा 10 चाचण्या घेतल्या. 40 माणसांच्या हालचालींचे चित्रीकरण केले आणि ते वेगवेगळ्या तपासनिसांना दाखवले. प्रश्न साधा होता : एकाने ‘चूक’ म्हटले तर दुसराही ‘चूक’ म्हणतो का? सहा चाचण्यांवर मते चांगली जुळली. त्या सहा चाचण्या आम्ही सांगतो.

पहिली सर्वांत उपयोगाची, कारण आपले निम्मे काम तिच्यात आहे. सरळ उभे राहायचे आणि कंबर न दुमडता फक्त खुब्यातून पुढे झुकायचे. तिकडे हिला खानावळीतल्या वाढप्याचे वाकणे म्हणतात. हातात ताट धरून अदबीने झुकणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. 50 ते 70 अंश झुकेपर्यंत कंबरेचा बाक होता तसा राहिला तर बरोबर. त्याआधीच कंबर गोल झाली तर चूक. तपासनीस हे नजरेने बघतो. घरी शिकायला आम्ही काठी वापरतो. तुराटी नको, मोडेल. झाडूचा दांडा चालेल. काठी पाठीवर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे : डोक्याच्या मागे, दोन पाखांच्या मध्ये आणि माकडहाडावर. कंबरेपाशी थोडी फट राहील, ती राहू द्या. आता ढुंगण मागे नेत झुका. गोठ्याचे दार दोन्ही हातांत चाऱ्याचे भारे असताना आपण मागच्या मागे ढकलतो, तसे. काठी माकडहाडावरून सुटली की समजा, कंबर गोल झाली. पुष्कळ जणांची काठी पहिल्या वीतभरातच सुटते. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे निंदण केले आहे अशा बाया म्हणतात, आम्ही तर रोज वाकतो, आम्हाला वाकणे काय शिकवता? मग काठी लावली की स्वतःच हसतात.

दुसरी, कडे मागे फिरवण्याची. उभे राहून, छाती न पाडता, फक्त माकडहाड आत घ्यायचे. घाबरलेले कुत्रे शेपूट पायात घालते ना, तेवढेच. ज्यांचा ताबा सुटला आहे त्यांचे अख्खे अंगच हलते, कुणाची छाती पडते, कुणाची कंबर उलट मागे वाकते. कुणाला तर नेमके काय हलवायचे हेच सापडत नाही. या न सापडण्याबद्दल पुढे बोलतो.

तिसरीला ओळंबा लागतो. पायांत खुब्यांच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे अंतर ठेवून उभे राहा. मग एका पायावर या. बेंबी किती सरकली ते मापा. दुसऱ्या पायावर तसेच. बेंबी 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली, किंवा डाव्या-उजव्यात 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर चूक. एकाच खांद्यावर ओझे घेणाऱ्यांनी ही मुद्दाम करून बघावी.

उरलेल्या तीन लवकर सांगतो. पाय लोंबतील अशा उंच जागेवर ताठ बसून गुडघा 30 ते 50 अंश सरळ करायचा, कंबर गोल होऊ द्यायची नाही. घोडा होऊन मागे टाचांकडे आणि पुढे हातांकडे झुलायचे, कंबर जागची हलू द्यायची नाही. आणि पालथे पडून गुडघा काटकोनापर्यंत दुमडायचा, कंबर आत खचू द्यायची नाही.

एक गोष्ट तपासणाऱ्याने विसरायची नाही. पहिल्यांदा चुकले म्हणून लगेच फुली मारायची नसते. समजावून सांगायचे, एकदा करून दाखवायचे, चूक सुधारून द्यायची. त्यानंतर जमले तर ते बरोबरच. कारण न समजणे वेगळे आणि न जमणे वेगळे. आमच्या माणसाला कुणी ‘वाढप्यासारखा वाक’ म्हटले तर तो गोंधळणारच; त्याने आयुष्यात वाढप्याकडून सेवा कधी घेतली?

फुल्या कुठल्या बाजूला पडतात हे संख्येपेक्षा महत्त्वाचे. पुढे वाकण्याच्या चाचण्या चुकतात आणि दुखणेही निंदताना, बसल्यावर वाढते, अशी एक जात. पालथे पडून गुडघा दुमडताना कंबर खचते आणि दुखणे उभे राहिल्यावर, चालल्यावर वाढते, अशी दुसरी. दोघांना एकच व्यायाम छापून देणे म्हणजे काळ्या जमिनीला आणि मुरमाड जमिनीला एकच खताची मात्रा देणे. पहिल्याने खुब्यातून झुकणे घोटायचे, दुसऱ्याने माकडहाड आत घेणे. घोटायचे म्हणजे रोज थोडे, पण रोज. कुठलीही चाचणी करताना कळ पायात उतरू लागली तर तिथेच थांबा.

आता यात कस किती आहे तेही सांगितले पाहिजे. बियाणेवाल्यासारखे नुसते पाकिटावरचे चित्र दाखवणे आम्हाला जमत नाही. 2008 साली याच तज्ज्ञांनी कंबर दुखणाऱ्या 108 आणि न दुखणाऱ्या 102 माणसांना या सहा चाचण्या दिल्या. दुखणाऱ्यांच्या सरासरी 2.21 चाचण्या चुकल्या, न दुखणाऱ्यांच्या 0.75. फरक स्पष्ट आहे. पण न दुखणाऱ्यांच्याही चुकतात, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय आधी ताबा गेला म्हणून दुखले, की दुखले म्हणून ताबा गेला, हे एकदाच मोजून कळत नाही. जुनाट दुखण्यात चुका जास्त सापडल्या, एवढे दिसले.

पुढे 2015 साली ताबा सुटलेल्या 106 रुग्णांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना त्यांच्या चुकीला धरून व्यायाम, अर्ध्यांना साधा सर्वसाधारण व्यायाम. वर्षभर पाहिले. दोन्हीकडची माणसे सुधारली, आणि एक रीत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे : तपासणीने माणसाला आपल्या दुखण्याचा एक धागा हातात मिळतो. फोटो सांगतो की तू मोडला आहेस. काठी सांगते की हे अजून तुझ्या हातात आहे. आणि ज्याला हे पटते तो व्यायाम सोडत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्याला ही रीत जमत नाही त्याने रोज चालावे, दुसरा व्यायाम करावा. फायदा हलत्या अंगाला आहे.

मघाशी म्हटले की कुणाला काय हलवायचे तेच सापडत नाही. तो नाटकीपणा नव्हे. आपल्या मेंदूत आपल्या अंगाचा एक नकाशा असतो. कंबर दीर्घकाळ दुखली की त्या भागाचा नकाशा पुसट होतो असे दिसते. 2011 साली लुओमायोकी आणि ऑस्ट्रेलियाचे लॉरिमर मोझली यांनी 45 रुग्ण आणि 45 निरोगी माणसे घेतली. पाठीवर दोन टोके एकाच वेळी टेकवायची आणि विचारायचे, एक की दोन? रुग्णांना दोन टोके वेगळी ओळखायला जास्त अंतर लागले. ज्यांना अंतर जास्त लागले त्यांचा हालचालीचा ताबाही कमी निघाला. जुना गावनकाशा विरला की धुरा कुठून जातो यावर भांडण होते, तसलेच हे. बांध जमिनीवर आहे, कागदावर दिसत नाही. म्हणून नवऱ्याने, बायकोने, पोराने माकडहाडावर बोट टेकवून ‘हे हलव’ म्हणून दाखवले तर लवकर जमते. आरशाचा उपयोग होतो. पायाळूच्या लाथेपेक्षा घरच्या माणसाचे बोट बरे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आता गोल पाठीने वाकलोच तर संपलो, अशी धास्ती कुणी घेऊ नये. मणका वाकण्यासाठीच आहे. धास्तीने अंग आखडून चालणाऱ्याचे दुखणे जास्त रेंगाळते. जमेल तेव्हा खुब्याला कामाला लावा, एवढेच. पोते उचलताना ते अंगाशी घ्या. निंदताना एक हात गुडघ्यावर टेकवा, तास संपला की उभे राहून मागे झुका, दिवसभर एकच काम न करता पाळी बदला. ओटी अर्धी झाली की रिकामी करा. त्यात मजुरी मोजणारा कुरकुरतो, आम्हाला माहीत आहे.

पट्टा आणि वजन लावण्याबद्दलही ऐका, कारण त्यात पैसा जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी शिफारशी केल्या. त्यात माणसाला दुखणे समजावून सांगणे आणि व्यायाम करवून घेणे आहे. कंबरेचा पट्टा आणि ताण देऊन ओढणे नेमाने वापरू नका, असे म्हटले आहे. दुकानात पट्टे अजून टांगलेले आहेत.

पण भावांनो, सगळा दोष वाकणाऱ्यावर टाकून आम्ही इथून गेलो तर तो लबाडपणा होईल. तुम्ही कितीही ताब्याने वाका, अवजारच वीतभर असेल तर दिवसभर ओणवेच राहावे लागेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथल्या भाजीच्या आणि बीटच्या शेतांत मेक्सिकोकडच्या मजुरांच्या हातात आखूड दांड्याचे कुदळे देत. मजूर त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे आखुडले. मालकांचे म्हणणे, लांब दांड्याने पीक दुखावते. खरी सोय अशी की बांधावरच्या मुकादमाला कोण उभा राहिला ते लांबून दिसे. मजुरांच्या पाठी गेल्या. त्यांच्या बाजूने वकील उभे राहिले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि 1975 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी त्या अवजारावर बंदी आली. पिके काही बुडाली नाहीत.

आपल्याकडे विळे-खुरपे कुणा मुकादमाने लादलेले नाही, परंपरेने आणि पैशाच्या चणचणीने लादले आहे. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आहे, पऱ्हाटी उपटायचा लांब दांड्याचा चिमटा आहे. ते किती घरांत आहेत? आणि ज्या घरांत आहेत तिथे बाईच्या हातात किती वेळा पडतात? पुरुषाच्या डवरणीला बैल आला, ट्रॅक्टर आला. तासातल्या तणासाठी बाई अजून ओणवीच आहे. महिला आघाडीने हा विषय अजेंड्यावर घ्यावा, आणि गावागावांत दोन-चार कोळपी सामाईक घेता येतील का, याची आजच बोलणी करावी. आपल्या जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार करणारा माणूस आहे का, असला तर कुठल्या वारी बसतो, नसला तर जागा किती वर्षे रिकामी आहे, याची चौकशी प्रत्येक तालुका शाखेने पुढच्या बैठकीपर्यंत करून यावे. कागदावर लिहून आणा, तोंडी नको.

आता जेवणाची सुट्टी आहे. मंडपाच्या मागे आम्ही सहा काठ्या आणि दोन ओळंबे ठेवले आहेत. बायांची रांग डाव्या बाजूला, तिथे तपासायला बायाच आहेत. ज्यांना मघाशी सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एक जरी असेल त्यांनी रांगेत न लागता आधी आम्हाला येऊन सांगावे. आणि जेवणाआधी या. भरल्या पोटी घोडा होऊन झुलणे जमत नाही.